सात नंबरची काच

१

पेटीचं झाकण उघडलं आणि टोरलाइफचा हात तसाच हवेत राहिला. दहा खणांच्या त्या लाकडी पेटीत रक्ताचे नमुने फासलेल्या नऊच काचा होत्या. सातवा खण रिकामा होता.

“खाली पडली असेल,” असं म्हणत तो टेबलाखाली वाकला. पडली असती तर तुकडे दिसले असते, हे त्यालाही कळत होतं. पण काहीतरी करायला हवं म्हणून तो वाकला.

नॉर्वेतल्या बोडो शहरात, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ संघाच्या कचेरीत त्या सोमवारी चौघंजण जमले होते. टोरलाइफ संघाचा चिटणीस. इंगेबोर्ग परीक्षा मंडळाची प्रमुख आणि हालवार तिच्या जोडीचा परीक्षक. चौथी ओडगुन. कुणी लबाडी केली, कुणाविरुद्ध तक्रार आली की संघ तिला बोलावत असे. इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून ती दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली होती. गुडघे कामातून गेले होते, जीभ शाबूत होती. तिला बोलावलं की आधी सगळे खुर्चीत सावरून बसायचे, आणि ते तिला आवडायचं.

“अपील ज्या काचेवर आहे, नेमकी तीच नाही,” हालवार म्हणाला. “वा! काय योगायोग!”

अपील बाहेर बाकावर बसलं होतं. नातेला तिचं नाव, मूळची जॉर्जियातल्या तिबलिसीची. तिथं पंधरा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काम केलेली. इथं मात्र संघाचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत रक्त काढायचं, नळ्या वाहायच्या, आणि बघायचं काम दुसऱ्यानं करायचं. परीक्षेला तीनदाच बसता येतं आणि ही तिसरी खेप होती. तिचा तात्पुरता परवाना महिनाअखेरीला संपत होता. प्रमाणपत्र नाही म्हणजे परवाना नाही, परवाना नाही म्हणजे नॉर्वेत राहणं नाही. तिची मुलगी इथल्या शाळेत तिसरीत होती.

नऊ काचांची उत्तरं तिनं बिनचूक दिली होती. सातव्या काचेपुढे लिहिलं होतं: ‘तीव्र रक्तकर्करोग. डॉक्टरांना ताबडतोब फोन करा.’ मंडळाचं उत्तर होतं: ‘निरोगी.’ बाकीच्या अकरा उमेदवारांनीही निरोगीच लिहिलं होतं. धडधाकट माणसाला कॅन्सर ठरवणं ही घोडचूक, आणि एक घोडचूक केली की नापास. एवढ्यावर भागलं नाही. परीक्षा संपल्यावर ती टोरलाइफच्या मागे लागली होती, हा पेशंट कुणाचा आहे, त्याला कळवलंत का? त्या दिवशी कॉफी पिताना सगळे पोट धरधरून हसले होते.

“नियम काय म्हणतो?” ओडगुननं विचारलं.

“काच नसेल तर फेरतपासणी नाही,” टोरलाइफ म्हणाला. “आधीचा निकाल कायम. शुक्रवारी कार्यकारिणी शिक्का मारेल.”

“मग शुक्रवारपर्यंत मला कुणी कॉफीला बोलावू नका.”

ओडगुननं पेटी पुढ्यात ओढली. चष्मा कपाळावर चढवून सातव्या खणात बोट फिरवलं, मग सहाव्यात, मग आठव्यात. सातव्याच्या लाकडाला ओशटपणा होता. बाकीचे सगळे खण कोरडे ठणठणीत होते.

खोलीत हीटर धडाडून चालू होता. टोरलाइफच्या कपाळावर घाम आला होता, हालवारनं स्वेटर काढून ठेवला होता. इंगेबोर्गनं मात्र लोकरी बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. मनगटावर निळंजांभळं काहीतरी होतं.

“काय गं हे?” ओडगुननं विचारलं.

“स्कीवरून पडले. वय झालं आता.”

“तुझं नाही, स्कीचं झालं असेल,” ओडगुन म्हणाली. दोघी तीस वर्षांच्या मैत्रिणी होत्या, एका बाकावर बसून शिकलेल्या. इंगेबोर्ग हसली, पण नेहमीसारखी नाही.

२

कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: टोरलाइफ, इंगेबोर्ग आणि हालवार. कुलूप फोडलेलं नव्हतं. ओडगुननं टोरलाइफला त्याच्या छोट्या स्वयंपाकघरात गाठलं. तो जाळीदार गोड वाफल भाजत होता. संघात काहीही अशुभ घडलं की टोरलाइफ वाफल भाजायचा.

“तीच आहे ती,” तो हळूच म्हणाला. “नातेला. अपील द्यायला आली होती ना त्या बुधवारी. मी तिला म्हटलं बस, वाफल आणतो. किल्ली तिथंच खिळ्याला लटकत होती.”

“म्हणजे तिनं स्वतःचा एकुलता एक पुरावा चोरला?”

“आपण चुकलोय हे कळलं असेल तिला. काच गेली की निदान लाज तरी वाचते.”

“टोरलाइफ, तुला सूक्ष्मदर्शक वापरता येतो?”

“मी हिशेबतपासनीस होतो गं. मला त्यातून फक्त माझ्या पापण्या दिसतात.”

ओडगुननं वाफलवर तपकिरी चीजचा पातळ काप ठेवला आणि खाता खाता विचार केला. काच मोठी करून बघायची तर तिच्यावर तेलाचा थेंब सोडावा लागतो. बघून झालं की तेल पुसून काच ठेवायची, हे या धंद्यात पहिल्या दिवशी कानीकपाळी ओरडून शिकवतात. परीक्षा संपल्यावर हालवारनं दहाही काचा पुसून खणात ठेवल्या होत्या. म्हणजे त्यानंतर कुणीतरी सातवी काच काढली, तेल घालून बघितली आणि न पुसता परत ठेवली. ती नाहीशी झाली ती त्याच्याही नंतर. नुसतं चोरायचं असतं तर बघायचं काय कारण?

टोरलाइफ यादीतून गळला. नातेलाही गळल्यात जमा होती. कचेरीत सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि वाफल भाजून होईपर्यंत काच इस्पितळात नेऊन परत आणणं कुणाला जमलं नसतं.

हालवार इस्पितळाच्या खानावळीत सापडला. तो डब्यातल्या पावावर नळीतून माशाच्या अंड्यांची पेस्ट पिळत होता. पेस्ट संपत आली होती आणि तो तिच्यावर राग काढत होता.

“सिरी पास झाली म्हणे,” ओडगुन समोर बसत म्हणाली. सिरी म्हणजे हालवारची सून.

“झाली. तुझी हरकत आहे?”

“सातवी काच निरोगी नसेल तर अकराच्या अकरा जणांनी कॅन्सर बघून निरोगी लिहिलं. मग सगळे नापास. सिरीसुद्धा.”

हालवारनं नळी खाली ठेवली. “तू मला चोर म्हणतेस? तीच काच मला वाचवणार होती! ती निरोगीच आहे. पेटीत राहिली असती तर त्या बाईचं तोंड एका मिनिटात बंद झालं असतं. मी कशाला हात लावू?”

यात तथ्य होतं, आणि ओडगुनला तथ्य नेहमीच अडचणीत टाकायचं.

३

नातेला तळमजल्यावर भेटली, रक्त काढायच्या ट्रॉलीत नळ्या भरत. ओडगुनला बघून ती थांबली नाही.

“मला माहितीये तुम्ही का आलात,” ती म्हणाली. इथं सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, राजाला सोडून. पण मोठ्या माणसाला तू म्हणायला नातेलाची जीभच वळायची नाही. “माझी बॅग बघायचीय? बघा. त्यात मुलीचे मोजे आहेत.”

“मला काच कशी होती ते सांग.”

नातेलाचा हात थांबला. “मोठ्या मोठ्या पेशी. कच्च्या. आणि त्यांच्या आत लालसर सुया. ती सुई म्हणजे तोच कॅन्सर, एकदा बघितली की माणूस विसरत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. एखादी नाही हो, जिकडे बघावं तिकडे.”

“बाकी अकराजणांना कशी दिसली नाही?”

“त्यांनी बघितलंच नाही!” तिनं नळ्यांचा खोका ट्रॉलीवर आदळला. “नंतर सिरीच म्हणाली मला. अगं वेडे, सातवी नेहमी निरोगी असते, आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, तो वेळ बाकीच्या काचांना द्यायचा. म्हणाली, तुला कुणी सांगितलं नाही का? कोण सांगणार मला? मी काय तुमच्या शुक्रवारच्या जेवणाला येते?”

ओडगुननं खोक्यातून निसटलेली एक नळी सरळ करून ठेवली.

“बाई, एक सांगा,” नातेला खालच्या आवाजात म्हणाली. “प्रमाणपत्राचं जाऊ द्या. ते रक्त कुणाचं होतं? त्या माणसाला कुणी कळवलं का? पंधरा दिवस झाले. त्याच्याकडे इतके दिवस नसतात.”

इतक्या जणांनी इतका काथ्याकूट केला होता आणि हा प्रश्न एकटी नातेलाच विचारत होती.

ती जिना चढून पुन्हा हालवारकडे गेली. गुडघे बोंब मारत होते.

“सातवी नेहमी निरोगी असते हे सिरीला तू सांगितलंस.”

हालवार लाल झाला. “सगळेच सांगतात. ज्याचा त्याचा गाववाला असतो. त्यात काय एवढं?”

“त्याचा हिशेब नंतर. यंदा ती काच मंडळात कुणी तपासली?”

“तपासायची काय? रोगांच्या काचा जुन्या, जपून ठेवलेल्या. निरोगी तेवढी दर वर्षी ताजी करतो. निरोगी रक्त काय, फुकट मिळतं. आपल्यापैकीच कुणीतरी दंड पुढे करतं. तूही नाही का द्यायचीस, परीक्षक असताना?”

“म्हणजे कुणीच बघितली नाही?”

“आपलंच रक्त गं. त्यात बघायचंय काय?”

ओडगुननं टेबलाची कड धरली. “हालवार, यंदा दंड कुणी पुढे केला?”

४

इंगेबोर्गचं घर बंदराच्या वरच्या चढावर होतं. दार उघडंच होतं. ती खिडकीशी बसली होती, अंगावर ब्लँकेट, पुढ्यात न प्यालेली कॉफी.

“उशीर केलास,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं तू सोमवारीच येशील.”

“बाह्या वर कर.”

“ओडगुन—”

“कर वर.”

इंगेबोर्गनं बाह्या सारल्या. दोन्ही कोपरांच्या खोबणीत सुईच्या खुणा होत्या, एक शिळी आणि एक ताजी, आणि दोन्हीभोवती तळहाताएवढे काळेनिळे डाग. स्कीवरून पडून असे डाग पडत नाहीत; रक्त गोठेनासं झालं की पडतात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या रक्तात हेच शोधण्यात घालवलेल्या बाईनं सोमवारी तो मनगटावरचा डाग बघितला होता आणि वर विनोद केला होता. ओडगुनला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

“मी सांगते, तू फक्त चुकलं तर टोक,” ती म्हणाली. आवाज कापत होता म्हणून ती मुद्दाम कचेरीतल्यासारखी बोलू लागली. “चोरानं आधी काच बघितली. काच निरोगी दिसली असती तर ती चोरायचं कुणालाच कारण नव्हतं. म्हणजे त्याला रोग दिसला. परक्याचा रोग दिसला असता तर आपल्यातल्या कुणीही आरडाओरडा करून डॉक्टरला उठवलं असतं. हा मात्र गप्प बसला. आणि तेल पुसलं नाही. तेल न पुसता काच ठेवली म्हणून तू पोरींना रडवलंयस, इंगेबोर्ग. त्या दिवशी तुझे हात तुझ्या ताब्यात नव्हते.”

“अपील आलं त्या संध्याकाळी,” इंगेबोर्ग म्हणाली. “हालवारला दाखवून हसायचं म्हणून काच इस्पितळात घेऊन गेले. ‘डॉक्टरांना फोन करा’ म्हणे! त्या दिवशी सगळ्यात जास्त मीच हसले होते. डोळा लावला आणि पहिल्याच जागी ती सुई.” तिनं डोळे मिटले. “वाटलं, काचांची अदलाबदल झाली. म्हणून दुसऱ्या हाताचं रक्त काढलं, स्वतःच. तेच. पहिली काच तशीच पेटीत नेऊन ठेवली. दोन दिवसांनी परत जाऊन काच काढून आणली.”

“डॉक्टरकडे का गेली नाहीस गं? लगेच गेली असतीस तर...”

“गेले असते तर सांगावं लागलं असतं कसं कळलं ते. मंडळाच्या प्रमुखानं स्वतःचं रक्त न बघता निरोगी म्हणून सही केली. अकराजणांनी ऐकीव गोष्टीवर पोपटपंची केली आणि मी त्यांना प्रमाणपत्रं वाटली. ज्या एकीनं खरोखर बघितलं तिला नापास केलं. अठरा वर्षं मी ही परीक्षा चालवली, ओडगुन. लोक म्हणतात, इंगेबोर्गची सही असेल तर डोळे मिटून भरवसा ठेवा.” ती कसनुसं हसली. “मीपण डोळे मिटूनच ठेवला.”

“दुसऱ्या कुणाची काच खणात ठेवली असतीस तर कुणाला कळलं नसतं.”

“मग ती पोरगी खोटी ठरली असती. नाहीशी केली तर निदान खोटी तर ठरणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.”

“आणि महिनाअखेरीला ती लेकीला घेऊन विमानात बसेल, त्याची कशी समजूत घातलीस?”

इंगेबोर्ग रडू लागली. ओडगुनला तिच्या मुस्काटात मारावं की तिला जवळ घ्यावं हे कळेना. शेवटी तिनं जवळ घेतलं. ब्लँकेटखाली अंग तापानं फणफणलं होतं.

“काच कुठाय?”

“सुयांच्या पिवळ्या डब्यात टाकली. तो डबा गेल्या आठवड्यातच जळला.”

५

इंगेबोर्गला त्याच दिवशी इस्पितळात हलवलं. डॉक्टरनं ओडगुनला बाजूला घेऊन सांगितलं की औषधं सुरू करू, पण फार आशा धरू नका. पंधरा दिवस आधी आली असती तर बराच फरक पडला असता.

शुक्रवारी कार्यकारिणी बसली. ओडगुननं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. इंगेबोर्गचं निवेदनही वाचून दाखवलं. तापात सांगितलेलं होतं, पण त्यात पाल्हाळ नव्हतं. खाली थरथरती सही होती. टोरलाइफच्या डोळ्यांत पाणी होतं. ओडगुनला वाटलं, जमलं.

मग अध्यक्षांनी घसा साफ केला.

“इंगेबोर्ग आज आजारी आहे, याचं आम्हा सर्वांनाच वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण ती आज आजारी आहे म्हणून त्या दिवशी काचेवर काय होतं ते सिद्ध होत नाही. काच नाही. निवेदन म्हणजे काच नव्हे.”

“तिची काच आजही बनवता येईल!” ओडगुन ओरडली. “ती इस्पितळात पडलीय. चला, स्वतःच्या डोळ्यांनी बघा!”

“ती आजची काच झाली.”

“म्हणजे मरणारी बाई खोटं बोलतेय?”

“तसं कुणीच म्हणत नाहीये, ओडगुन. पण अकरा प्रमाणपत्रं रद्द करायची म्हणजे या भागातल्या निम्म्या प्रयोगशाळा उद्यापासून बंद. पेशंटनी काय करायचं? विचार कर.”

विचार सगळ्यांनी केला आणि हात वर झाले. हालवारचा हात सगळ्यात आधी वर गेला. टोरलाइफनं खाली बघत केला, पण केला. नातेलाचा निकाल कायम झाला. तीन खेपा संपल्या होत्या, चौथीची तरतूद नियमात नव्हती. ओडगुननं तिथल्या तिथे राजीनामा दिला. तो एकमतानं मंजूर झाला, आणि आभारही मानले गेले.

महिनाअखेरीच्या दिवशी सकाळी ओडगुन इंगेबोर्गच्या खाटेशी बसली होती. बाहेर अजून अंधारच होता. ट्रॉलीची चाकं वाजली आणि दारात नातेला उभी राहिली. तिची ती शेवटची पाळी होती. उद्याच्या विमानाची तिकिटं ओडगुननंच काढून दिली होती. तिला दुसरं काही करता आलं नव्हतं.

नातेला खाटेजवळ आली. कोण झोपलंय ते तिला दिसत होतं. तरी तिनं विचारलं, कारण ओळखीच्या माणसालाही विचारायचंच असतं. “नाव आणि जन्मतारीख सांगा.”

इंगेबोर्गनं दोन्ही सांगितलं. नातेलानं हातावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. मग ती त्या काळ्यानिळ्या दंडावर बराच वेळ बोट फिरवत राहिली, जिथं कमीत कमी दुखेल अशी जागा शोधत. सुई कधी आत गेली ते इंगेबोर्गला कळलंही नाही.

“तुझं बरोबर होतं,” इंगेबोर्ग पुटपुटली.

“मला माहितीये,” नातेला म्हणाली. “मी फोन करा म्हटलं होतं हो. तुम्ही फोन तरी करायचा होतात.”

एवढं बोलून तिनं सुई काढली. कापूस दाबून धरला. रक्त थांबत नव्हतं, म्हणून नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ धरून ठेवला. मग नळीवर चिठ्ठी चिकटवली.

“वर प्रयोगशाळेत बघायला कोण बसलंय आज?” इंगेबोर्गनं विचारलं.

नातेलानं नळी उजेडाकडे धरून हलकेच उलटसुलट केली.

“सिरी,” ती म्हणाली, आणि ट्रॉली पुढच्या खाटेकडे ढकलली.